आधी किडा, मग पक्षी

फुलचूर कुठे संपतं आणि गोंदिया कुठे सुरू होतं, हे आता नवख्या माणसाला सांगता येत नाही. गोरेगावच्या रस्त्याने शहराबाहेर पडलं की नाका, दुकानं, मंगल कार्यालयं असं करत करत आपण गावात येऊन पोचतो. आमचं घर इथल्या एका नव्या ले-आऊटमध्ये आहे. प्लॉट पडण्याआधी या जागेवर धानाच्या बांध्या होत्या. घरामागे त्या अजून शिल्लक आहेत. मधे एक लहानशी बोडी, म्हणजे शेततळं, बोडीच्या पाळीवर पळस, बाभळी आणि एक जुना मोह, पलीकडे पुन्हा बांध्या. घरासमोर सिमेंटचा रस्ता आणि खांबाखांबावर पांढरेफटक एलईडी दिवे. स्वयंपाकघरातून शेत दिसतं, बैठकीतून शहर.

माझं माहेर यवतमाळकडचं, कापूस-तुरीच्या मुलखातलं. पाण्यात उभं असलेलं पीक इथे येईपर्यंत मी जवळून पाहिलं नव्हतं. पक्षी म्हणाल तर चिमणी, कावळा, साळुंकी, पोपट आणि मोर एवढ्यांचीच ओळख. किड्यांचे माझ्या लेखी दोनच प्रकार होते, चावणारे आणि न चावणारे. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सतत काहीतरी हलायचं आणि त्याचं नाव मला येत नसायचं. हे फार बोचायला लागलं तेव्हा वाचनालयातून मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आणला, मुलीने मोबाइलवर मर्लिन नावाचं अ‍ॅप टाकून दिलं, आणि मी बोडीच्या पाळीवर जाऊन बसायला लागले.

त्यानंतर गोंधळ वाढतच गेला. पुस्तकातल्या चित्रात पक्षी एका रंगात, एका बाजूने, निवांत उभा असतो. बोडीवरचा पक्षी तसा उभा राहत नाही आणि एका रंगातही राहत नाही. जूनमध्ये ज्या बगळ्याचं डोकं आणि मान नारिंगी होती, तोच गायबगळा नोव्हेंबरात पांढराशुभ्र. पावसाच्या तोंडावर पाठीवर गडद तांबूस-जांभळी पिसं मिरवणारी ढोकरी हिवाळ्यात मातकट होऊन चिखलात दिसेनाशी होते. हे विणीच्या हंगामाचे रंग, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते वाचणं वेगळं आणि समोरचा पक्षी महिन्याभरात बदललेला पाहणं वेगळं. अ‍ॅप एक नाव सांगायचं, कोश तीन-चार स्थानिक नावं द्यायचा, आणि शेजारचे काका पाचवंच काहीतरी म्हणायचे.

या काकांच्या दोन बांध्या बोडीला लागून आहेत. मी वही घेऊन बगळे ओळखायचा खटाटोप करतेय हे त्यांनी बरेच दिवस पाहिलं. मग एकदा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, “बगळा कोनता ते मंग पाहा, बाई. तो खाते काय, ते पहिले पाहा.”

या एका वाक्याने माझा सगळा अभ्यास बदलला. पक्ष्यामागे धावणं सोडून मी त्याच्या चोचीतलं काय आहे ते पाहायला लागले. तिथून पाऊलवाट थेट किड्यांकडे गेली.

पहिला धडा मृगाच्या पावसाने दिला. चांगला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी मोहाच्या बुंध्याजवळची जमीन जागोजागी उकलली आणि तिच्यातून पंख असलेली उधळी, म्हणजे वाळवी, बाहेर पडू लागली. आधी थोडी, मग इतकी की हवेचा रंग बदलला. तारेवर बसलेले कोतवाल पक्षी एकामागून एक झेपावायला लागले. साळुंक्या तर भोकाच्या तोंडाशीच उभ्या राहून वर येणारी उधळी टिपत होत्या. कावळे आले, अंधारल्यावर वटवाघळं आली. आसपासची सगळी वारुळं एकाच संध्याकाळी का फुटतात, हे मी नंतर वाचलं. सगळी एकदम बाहेर पडली की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी काही जोड्या उरतात. उरलेली जोडी जमिनीवर उतरते, पंख गाळते, मादी पुढे आणि नर तिला चिकटून मागे अशी चालत ओलसर माती शोधते आणि तिथे नवं वारूळ घालते.

घराच्या पुढच्या बाजूला त्याच संध्याकाळी वेगळंच चाललं होतं. दिव्यांनी ओढून नेलेली उधळी सिमेंटच्या रस्त्यावर उतरली होती. पंख गाळून झाले होते, जोड्या लागल्या होत्या आणि त्या रस्त्याच्या कडेने माती शोधत फिरत होत्या. मी वाकून एका जोडीच्या मागे चालत राहिले. सिमेंटच्या सांध्यातली एक भेग त्यांना सापडली, तिच्यात भरलेलं डांबर त्यांनी चाचपलं आणि त्या पुढे निघाल्या. सकाळी अंगणात पंखांचा थर होता आणि मेलेली उधळी मुंग्या ओढून नेत होत्या. मागच्या बाजूला हाच सोहळा नव्या वारुळांत संपला, पुढच्या बाजूला केरसुणीखाली. मधे फक्त आमचं घर होतं.

रोवणी सुरू झाली आणि बांध्यांत ट्रॅक्टर उतरले. आता चिखलणीला बैल क्वचित दिसतात. गायबगळा मात्र हटलेला नाही. गुरांच्या पायांनी उडणारे नाकतोडे टिपणारा हा पक्षी आता ट्रॅक्टरच्या चाकांमागे चालतो, कारण चाकं गुरांपेक्षाही जास्त किडे आणि बेडकं वर काढतात. पश्चिमेकडचा, आफ्रिकेतला गायबगळा तर १९व्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथल्या गुरांच्या कुरणांत स्थिरावला. माणसाने जमीन बदलली की काही पाखरं त्या बदलाचा हात धरून पुढे जातात. कोणती जातात आणि कोणती मागे राहतात, हा प्रश्न मला तिथून पुढे सोडेना.

धानाची बांधी म्हणजे तीन-चार महिने टिकणारं उथळ तळं आहे, ही गोष्टही मला इथेच समजली. पाणी साचलं की आठवड्या-दोन आठवड्यांत त्यात डासांच्या अळ्या, पाणकिडे आणि चतुरांची पिल्लं दिसायला लागतात. चतुराची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात, मोठी झाली की धानाच्या काडीवर चढून कात टाकतात आणि उडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिकाम्या प्लॉटांवर संध्याकाळी पिवळसर चतुरांचे थवे तरंगत असतात. हा भटका चतुर पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढतो. मालदीवमध्ये राहून अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर ईशान्य वाऱ्यांवर स्वार होऊन भारतातून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेच्या पावसाळ्यात पोचतात. त्याच सुमारास अमूर ससाणेही ईशान्य भारतातून निघून आफ्रिकेकडे जातात. समुद्रावरच्या त्या प्रवासात त्यांचं भक्ष्य हेच चतुर असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आमच्या बोडीत वाढलेला एखादा चतुर या वाटेने गेला असेल की नाही, ते कुणी सांगू शकणार नाही. पण ती वाट अशाच लाखो उथळ डबक्यांतून सुरू होते.

सप्टेंबरच्या मध्याला काकांनी हाक मारून बांधीत बोलावलं. “मावा-तुडतुडा आला जी,” एवढंच म्हणाले आणि दोन्ही हातांनी धानाचा एक चूड फाकवून दाखवला. वरून पीक हिरवंगार होतं. बुंध्याशी, पाण्याच्या अगदी वर, तपकिरी तुडतुडे एकाला एक चिकटून बसले होते. हात लागताच ते आडवे सरकले, काही पाण्यावर उड्या मारून दुसऱ्या चुडाकडे गेले. ते बुंध्यातला रस शोषतात, झाड वाळतं आणि बांधीच्या मधोमध करपलेलं गोल चक्र पडतं. धान गेलाच समजा.

मी तुडतुड्यांकडे पाहत होते आणि काकांचं बोट दुसरीकडे होतं. पाण्यावरून एक राखाडी कोळी धावत गेला. त्याच्या मागे एक मादी, पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी घेतलेली. हे कोळी जाळं विणत नाहीत, पाठलाग करून पकडतात. धानाच्या शेतातला असा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे खातो, हे मी नंतर वाचलं. काकांना तो आकडा माहीत नव्हता. त्यांचा हिशेब साधा होता. चुडात कोळी आणि ढालकिडे बरे दिसले तर थांबायचं, बांधीतलं पाणी काढून टाकायचं, पुन्हा दोन दिवसांनी पाहायचं. कोळी नसतील आणि तुडतुडा वाढतच असेल तर मगच फवारणी.

या थांबण्यामागे मोठा इतिहास आहे. १९७० आणि ८०च्या दशकांत इंडोनेशियात भाताच्या नव्या वाणांबरोबर कीटकनाशकांची सरसकट फवारणी सुरू झाली आणि तपकिरी तुडतुडा आटोक्यात येण्याऐवजी उसळला. फवारणीने कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे ढेकूण मेले, पानांच्या आवरणात घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र वाचली. ती उबली तेव्हा त्यांना खाणारं शेतात कुणी उरलं नव्हतं. अखेर १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. तरी भाताचं उत्पादन कोसळलं नाही. आपल्याकडेही दर काही ओळींनंतर एक ओळ मोकळी ठेवून रोवणी करा म्हणजे बुंध्याशी हवा आणि ऊन पोचेल, शेतात पक्ष्यांना बसायला थांबे लावा, असं कृषी विभाग सांगतोच. काकांनी बाभळीच्या फांद्या बांधीत खोचल्या होत्या. प्रत्येक फांदीवर दिवसभर कोतवाल.

गादमाशी हा भंडारा-गोंदियाच्या धानाचा जुना वैरी. डासाएवढी ही माशी पानावर अंडी घालते, अळी कोंबात शिरते आणि कोंबाचं पान होण्याऐवजी चंदेरी, पोकळ नळीसारखा पोंगा होतो. त्याला लोंबी येत नाही. काकांनी असा एक पोंगा उपटून माझ्या हातावर ठेवला आणि नखाने चिरायला सांगितलं. आत अळी होती. सगळ्याच पोंग्यांतून गादमाशी बाहेर पडत नाही. काहींच्या आत एक बारीक गांधीलमाशी गादमाशीच्या अळीवरच वाढत असते आणि तिची पिल्लं तिथूनच बाहेर येतात. म्हणून कृषितज्ज्ञ असे पोंगे जपून पुन्हा शेतात सोडायला सांगतात. रोगट दिसणाऱ्या पोंग्यात औषधही असू शकतं, हे कळल्यावर मला बांधीकडे पाहून भीतीही वाटली आणि आदरही. इतकी गुंतागुंत, आणि माणूस वरून फक्त हिरवा रंग पाहतो.

मग दिवाळी आली आणि माझ्या दोन्ही खिडक्या एकत्र झाल्या. धान पिवळा पडायला लागला की कोवळ्या रसावर जगणारे हिरवे तुडतुडे शेत सोडून उडतात. तांदळाच्या कणीएवढे, पोपटी रंगाचे, नरांच्या पंखांवर काळे ठिपके आणि टोकं काळी. धानाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात या दिवसांत संध्याकाळी दिवा लावला की ते ढगाने येतात. आमच्या रस्त्यावर तर दिव्याखालून तोंडावर ओढणी घेतल्याशिवाय जाता येत नाही. दुकानदार लवकर दिवे घालवतात, फराळाचं ताट उघडं ठेवायची सोय नसते, मानेवर बसले की टोचतात.

किडे दिव्याकडे का येतात, याचं उत्तर आजवर निरनिराळ्या प्रकारे दिलं गेलं आहे. चंद्र समजून फसतात, उष्णतेने ओढले जातात, असं मीही ऐकलेलं. २०२४ साली सॅम्युअल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उड्डाण टिपून वेगळी गोष्ट दाखवली. किड्याला वर-खाली हे उजेडावरून कळतं. लाखो वर्षं आकाश हेच रात्रीही जमिनीपेक्षा उजळ होतं, म्हणून किडा आपली पाठ उजेडाकडे धरून उडतो. जवळ दिवा असला की तो पाठ दिव्याकडे वळवत राहतो आणि त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतो. म्हणजे त्याला दिव्यापाशी यायचं असतं असं नाही, त्याला तिथून सुटता येत नाही. हे वाचून मी पुन्हा खांबाखाली जाऊन उभी राहिले. खरंच, दिव्यावरून जाणारे किडे उलटे होऊन खाली कोसळत होते, खालून जाणारे वर चढून अडकत होते. पांढऱ्या एलईडीत निळसर उजेडाचा वाटा मोठा असतो आणि बहुतेक निशाचर किडे त्याच उजेडाने जास्त भुलतात. पिवळ्या दिव्याभोवती ते कमी जमतात.

त्याच खांबाच्या तारेवर रात्री साडेआठला कोतवाल बसलेला होता. दिवस मावळला की पाखरं झोपतात, असं लहानपणापासून ऐकत आलेली मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. तो तारेवरून सुटायचा, दिव्याच्या झोताच्या कडेला एक वळसा घ्यायचा, चोचीत काहीतरी धरून परत त्याच जागी. तुडतुडे त्याला फार लहान असावेत. तो पतंग आणि मोठे भुंगेरेच निवडत होता. एक मोठा पतंग त्याने पायाखाली धरला, पंख तोडून खाली टाकले आणि धड गिळलं. पंख गरगरत माझ्या पायाशी येऊन पडले. खांबावर पाली, खाली बेडूक, झोताबाहेर वटवाघळं, आणि मधे हा दिवसाचा पक्षी रात्रपाळीला. कोतवाल दिव्याखाली शिकार करतात याच्या नोंदी भारतात अनेक ठिकाणी आहेत. मला ते नवं होतं.

कोतवालाला हा दिवा लाभला, एवढ्यावर मला थांबता येईना. दिव्याभोवती मेलेला प्रत्येक पतंग आणि भुंगेरा मागच्या बांधीतून किंवा बोडीच्या झाडीतून आलेला असतो. त्याची अंडी तिथे घातली जाणार नाहीत. म्हणजे पुढच्या ऋतूत तिथल्या पिल्लांच्या चोचीत पडणारी अळीही तिथे नसेल. दाण्यांवर जगणारी चिमणीसुद्धा पिल्लांना आधी किडे आणि अळ्याच भरवते. जर्मनीत संरक्षित निसर्गक्षेत्रांत सापळे लावून केलेल्या अभ्यासात उडणाऱ्या किड्यांचं एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर खळबळ उडाली. आपल्याकडे किड्यांची अशी दीर्घ मोजदाद नाही. पक्ष्यांची आहे. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२३च्या अहवालात हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्यातल्या १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज असल्याचं अहवाल सांगतो. कबुतर, कोकीळ, मोर यांचं बरं चाललं आहे. मोकळ्या माळरानांवर आणि शेतांत किडे टिपणाऱ्या अनेक पक्ष्यांचं बरं नाही.

त्यात नीलकंठ आहे. हिवाळ्यात तो आमच्या मागच्या तारेवर बसलेला असतो. बसलेला मातकट दिसतो, उडाला की पंखांत निळ्याच्या दोन छटा उघडतात. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा. अजून सगळीकडे दिसतो म्हणून त्याच्याबद्दल कुणाला काळजी वाटत नाही. पण त्याची संख्या इतकी घटते आहे की त्याच्या संकटस्थितीचा जागतिक यादीत नव्याने विचार व्हावा, अशी शिफारस त्या अहवालाने केली आहे. नीलकंठ जमिनीवरचे भुंगेरे आणि नाकतोडे खातो आणि जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. त्याला उघडी जमीन हवी, किडे हवेत आणि म्हातारं झाड हवं. नव्या ले-आऊटमध्ये या तिन्ही गोष्टी आधी जातात. कोतवाल फांदीच्या बेचक्यात घरटं बांधतो, तारेवर बसतो, दिव्याखाली जेवतो. म्हणून तो समोरच्या रस्त्यावर आहे आणि नीलकंठ फक्त मागच्या बाजूला.

या जिल्ह्याची खरी ओळख असलेला सारस पाहायला आम्ही हिवाळ्यात परसवाड्याच्या तलावाकडे गेलो. पहाटेचं धुकं होतं आणि आधी आवाज आला, नर आणि मादी मिळून घालतात ती लांब घुमणारी साद. मग धान कापलेल्या बांधीत ती जोडी दिसली. माणसाच्या उंचीची, राखाडी, डोकं आणि मान तांबडी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यात आहेत, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पलीकडे बालाघाटात आहेत. सेवा ही संस्था, वनविभाग आणि गावकरी मिळून दरवर्षी त्यांची मोजणी करतात आणि जिल्ह्यातला आकडा अलीकडच्या वर्षांत पन्नासच्या आतच राहिला आहे. सारस पावसाळ्यात चक्क धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. त्या महिन्यात बांधीचा मालक काय ठरवतो, यावर पिल्लांचं जगणं अवलंबून असतं. विजेच्या तारांना धडकून आणि विषारी फवारणीने सारस मेल्याच्या घटना घडल्या आहेत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. एका पक्ष्यासाठी न्यायालयाला लक्ष घालावं लागलं, यावरून त्याची अवस्था समजते.

हा सारा प्रदेश माणसाने बांधलेल्या पाण्यावर उभा आहे. नवेगावबांधसारखे मोठे तलाव, गावोगावचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आणि शेतकऱ्यांच्या लहान बोड्या, हे सगळं पूर्वजांनी धानासाठी केलं. पाखरं, चतुर, मासे आणि बेडूक त्या पाण्याच्या आसऱ्याने वाढले. पाणी नुसतं असून भागत नाही, हेही याच जिल्ह्याने दाखवलं आहे. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि धीवर समाजातल्या मच्छीमार स्त्री-पुरुषांनी तलावांत माजलेली बेशरमाची झुडपं काढली, तळ नांगरला, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. त्या वनस्पतींबरोबर मासे परतले आणि पक्षीही परतले. बिघडलेलं दुरुस्त होऊ शकतं, याचा हा पुरावा घरापासून फार लांब नाही.

मी अजूनही नवखीच आहे. छोट्या बगळ्यांच्या दोन जाती मला आजही पाय पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत आणि चतुरांच्या बारीक भावंडांच्या, टाचण्यांच्या, जातींपुढे मी हात टेकते. पण फुलचूरमध्ये राहून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बदलत्या गावात कोणता पक्षी टिकणार, हे त्या पक्ष्याच्या आधी त्याच्या किड्याचं ठरतं, आणि किड्याचं ठरतं पाणी, माती आणि अंधार यांवर. या तिन्ही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

म्हणून वाचकांना सांगणं आहे, आणि त्याला एक निमित्तही आहे. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते आणि इथल्या पाणपक्ष्यांनी त्यांच्या लेखणीला आयुष्यभर पुरेल इतकं दिलं. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधले दिवस २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. पुढच्या पक्षी सप्ताहात सहलीला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावाच्या कडेला पंधरा मिनिटं बसा, दिसेल तो पक्षी आणि त्याच्या चोचीतला किडा लिहून ठेवा आणि ती नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका. देशाचा अहवाल अशाच नोंदींतून तयार होतो. अंगणातला पांढरा दिवा काढून पिवळा लावा, त्याचं तोंड खाली करा आणि जेवणं झाली की तो बंद करा. फवारणीआधी चूड फाकवून कोळी मोजा. प्लॉट घेताना त्यावरचं जुनं झाड राहू द्या. आणि ग्रामसभेत कुणी बोडी बुजवायचा विषय काढला, तर उठून ‘नाही’ म्हणा.